खिडकीबाई आणि जंगलात पडलेला कंदील

बसस्थानकात हरवलेल्या वस्तूंच्या खिडकीमागे बसून तिला एकवीस वर्षं झाली होती. खरं नाव पगारपत्रकापुरतं. बाकी सगळ्यांची ती खिडकीबाई. छत्र्या, डबे, एकेकटे बूट, एकदा तर चक्क कवळी. आलेल्या प्रत्येक वस्तूला ती चिठ्ठी बांधायची: कुठे सापडली, कधी, कोणी आणून दिली.

"मावशी, दुपारी नुसत्या माश्या मारत बसतेस, त्यापेक्षा हे खेळ," म्हणत भाचीने एक दिवस तिथल्या कॉम्प्युटरवर खेळ लावून दिला. चित्र नाही, आवाज नाही, नुसती अक्षरं. आपण काय करायचं ते टाइप करायचं, की खाली पुढची गोष्ट उमटते.

'तू जंगलात उभी आहेस. पायवाटेवर एक कंदील पडला आहे.'

"उचल," भाची म्हणाली.

"कोणाचा आहे?"

"कोणाचाच नाही गं. खेळातला आहे."

"मग कोणी पाडला?"

भाचीने कपाळाला हात लावला.

खिडकीबाईने कंदील काही घेतला नाही. 'चिठ्ठी लिही' अशी एक आज्ञा होती, तेवढी वापरून तिने कंदिलाला चिठ्ठी लावली आणि अंधारातच पुढे गेली. गुहेत खड्ड्यात पडली. 'तू मेलीस. पुन्हा सुरू करायचं?' मेलेल्या माणसाला हे असं विचारतात? ती चक्रावलीच. असं तीनदा मेली, पण परक्या वस्तूला हात लावला नाही. वाटेत दिसेल त्याला चिठ्ठी लावत सुटली.

त्या खेळात गावोगावची शेकडो खरी माणसं होती आणि खेळाने रचलेलीही होती. कोण कुठलं, तिला कळेना. पहारेकऱ्याला तिने "जेवलात का?" विचारलं, तर 'मला समजलं नाही' एवढंच उत्तर. पण एका सरदाराने आपणहून विचारलं, "चिठ्ठ्या लावणाऱ्या बाई तुम्हीच ना? माझी ढाल दिसली का कुठे?" दिसली होती, पुलाखाली. महिन्याभरात तिच्याभोवती रांग लागायला लागली. आपण खेळतोय की नोकरी करतोय, हेच तिला उमगेना.

एका दुपारी नावाडी नावाचा कोणीतरी आला.

"माझी बहीण हरवली आहे."

माणसांचा रकाना तिच्याकडे नव्हता. तरी सवयीने तिने विचारलं, "शेवटची कुठे दिसली?"

"जिन्यात. मी नको ते बोललो. नऊ वर्षं झाली."

तिने भाचीला फोन लावला. "अगं, हे खरं आहे की गोष्टीतलं?"

"मला काय माहीत? त्यालाच विचार."

तिने विचारलं. उत्तर आलं, "सुरुवात गोष्टीतलीच केली होती. लिहिता लिहिता खरी निघाली."

खिडकीवर येणाऱ्यांना ती जे सांगायची, तेच तिने लिहिलं, "वस्तू आपणहून परत येत नाही. आपल्याला जाऊन विचारावं लागतं. पत्ता आहे ना?"

"आहे."

"मग इथे रांगेत काय करताय?"

नावाडी गेला. आठ दिवस फिरकला नाही. आपण कोणाच्या घरात नाक खुपसलं, की नुसत्या अक्षरांशी भांडलो, या विचाराने तिचा कामात जीव लागेना. एकाची छत्री तिने दुसऱ्यालाच दिली. तो बिचारा दारातूनच परत आला.

नवव्या दिवशी नावाडी हजर. "गेलो होतो. तिने दार उघडलं."

"बोलली?"

"आधी रडली. मग भांडली. मग बस म्हणाली."

खिडकीबाईने डोळे पुसले. हा जिना खेळातला होता की विटा-सिमेंटचा, हे तिला अजूनही कळलं नव्हतं. विचारायचा धीरही होईना. शेवटी तिने आपलं लिहिलं, "तब्येत बरी आहे ना तिची?"

"गुडघे दुखतात म्हणे."

तिने पुन्हा भाचीला फोन लावला. "खेळातल्या माणसांचे गुडघे दुखतात का गं?"

भाची इतकी हसली की उत्तर द्यायचंच राहून गेलं.