हिरव्या वायरीचं अर्थिंग

आता तुमच्यापासून काय लपवू? माझ्या हुशारीचा बोर्ड घरच्याच भिंतीवर लागलाय, आणि तो मीच रंगवलाय! घ्या, चहा घ्या, सांगतो.

मी जुना वायरमन. आर्वी तालुक्यातल्या निम्म्या घरांत वीज मी आणली. उरलेल्या निम्म्यांत माझं नाव ऐकून ती आपोआप आली!

तर झालं काय, शेजारच्या शालूताईचा फवारणीचा बॅटरीपंप बंद पडला. सोयाबीनवर अळी, आणि दुकानदार म्हणे मोटर जळाली, नवाच घ्या.

"भाऊ, आज फवारलं नाई तं उद्या नुसत्या काड्या राह्यतीन वावरात," ताई रडकुंडीला आली.

मोटर तपासायला बारा व्होल्ट हवेत. ताईची सून वंदना कॉम्प्युटर दुरुस्त करते. तिनं एका भंगार कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय, म्हणजे त्याला वीज पुरवणारा लोखंडी डबा, आणून माझ्या टेबलावर ठेवला. "मामा, पिवळी वायर बारा व्होल्ट, काळी मायनस. अन् हिरवी..."

"पोरी, तू मले वायरी शिकवतं? जाय आपल्या कामाले!"

गेली बिचारी. मी प्लग लावला. डबा ढिम्म! पंखासुद्धा हलेना.

"ताई, मेलेला डबा देल्ला तुया सुनेनं!"

तेवढ्यात नजर हिरव्या वायरीवर गेली. घराच्या वायरिंगमध्ये हिरवी म्हणजे अर्थिंग, सारा जन्म हेच केलं. आणि इथे ती चक्क मोकळी लोंबतेय? जिवाशी खेळ! प्लग काढला, हिरवी वायर डब्याच्या लोखंडी अंगाला स्क्रूनं कसली, पुन्हा प्लग लावला...

घुर्रर्र! पंखा गरगर!

पिवळी-काळी पंपाला जोडली, तर पाण्याचा फवारा थेट माझ्या चष्म्यावर. मोटर ठणठणीत, मेली होती ती बॅटरी! ताईनं तेवढी बदलली आणि दुपारपर्यंत सारं वावर फवारून झालं.

मग काय विचारता! माझी व्याख्यानंच सुरू. "पाहा, अर्थिंग काढलं का बंद, देल्लं का सुरू. यंत्र माणसाच्या जिवाले जपते!" लोक माना डोलवत होते. मी भिंतीवर लाल रंगानं लिहूनच टाकलं: 'आधी अर्थिंग!'

संध्याकाळी वंदना आली. तिलाही प्रयोग दाखवला. ती पोट धरून खालीच बसली.

"काऊन हसून राह्यली वं?"

"मामा, ते अर्थिंग नोहे! हिरवी म्हणजे डबा चालू करायची वायर. काळीले जोडली का सुरू. अन् काळी आतून डब्याच्या अंगालेच जोडली असते. तेच सांगत होती, तं तुमी मले हाकललं!"

"म्हणजे मी..."

"चुकून बरोबर केलं!"

खरं सांगतो, त्या चुकीचे आणि त्या पोरीचे माझ्यावर उपकार आहेत. ताईचं पीक वाचलं. तो डबा अजून माझ्या टेबलावर आहे, गावातले पंप त्याच्यावरच तपासतो, आणि प्लग लावताना दर वेळी मनातल्या मनात वंदनेला हात जोडतो.

त्याच संध्याकाळी भिंत पुसायला निघालो, तर वंदनानं ब्रश हिसकावून घेतला. "राहू द्या मामा, अर्धंच लिहिलं तुमी." खाली तिनं एक ओळ वाढवली. आता येणारा जाणारा मोठ्यानं वाचतो:

'आधी अर्थिंग! मग अक्कल!'