खऱ्या पत्रावरचा खोटा शिक्का

ती केस आठवली की आजही मिशीवरचा माझा हात आपोआप खाली येतो. मी कळव्यात दम भरला की पार ठाणे शहरातल्या टेंभी नाक्यावरची शटरं खाली येतात, असं माझे हवालदार सांगत. त्यात थोडी भर माझीही असेल. पण कल्याणला असताना एका मऊ आवाजाच्या निवृत्त हेडक्लार्कनं मला माझ्याच खुर्चीत गप्प बसवलं. नावं कुणाचीच सांगत नाही.

खबर दिली ती स्टेशनजवळच्या गल्लीत रबरी शिक्के करणाऱ्यानं. हा माझा जुना खबऱ्या. कोण कसला शिक्का करून नेतो यावरून त्याला अर्ध्या कल्याणची कुंडली पाठ. मंगळवारी दुपारी त्याचा फोन आला.

"साहेब, काल एक काका आलेले. अमेरिकेतल्या हॉस्पिटलचा गोल शिक्का करून घेऊन गेले."

"आणि तू दिलास?"

"गिऱ्हाईक आहे ना, साहेब. पण रात्रभर चैन पडेना. मध्ये गरुड पाहिजे म्हणाले."

त्या काळात डॉक्टर आणि नर्सेसना परदेशी नोकरीची बनावट पत्रं देऊन फसवणारे एजंट जागोजाग निघाले होते. माझ्या डोक्यात दहा मिनिटांत डोंबिवली ते शिकागो अशी टोळी तयार झाली. त्यातले तीसेक आरोपी मी मनातल्या मनात पकडलेसुद्धा. पेपरात फोटो कुठल्या बाजूनं चांगला येईल, एवढंच ठरायचं राहिलं होतं.

बिलावर पत्ता होता. हवालदाराला घेऊन डोंबिवलीला गेलो. दार काकांनीच उघडलं. पंचांसमक्ष शिक्का जप्त केला, आणि शिक्का मारलेलं एका अमेरिकन रुग्णालयाचं पत्रही. गरुड खडवलीच्या गावठी कोंबड्यासारखा दिसत होता. काका पंचनामा चष्मा लावून वाचत होते. म्हणाले, "इथे वेळ घालायची राहिली, साहेब." राहिली होती खरी.

पोलीस ठाण्यात आणून समोर बसवलं आणि आवाज चढवला.

"टोळीत किती जण आहात?"

"कसली टोळी? घरात आम्ही दोघं. मी आणि मुलगी."

"हे बनावट पत्र कुणाला विकणार होतात?"

"पत्र बनावट नाही हो! माझ्या मुलीला आलंय ते. डॉक्टर आहे ती. पुढच्या प्रशिक्षणासाठी त्या रुग्णालयानं तिला निवडलंय. परवा वकिलातीत व्हिसाची मुलाखत आहे."

"मग शिक्का कशाला मारलात?"

काकांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जणू मीच आरोपी.

"नव्हता म्हणून मारला. नुसती सही, तीही कॉम्प्युटरवरची. ना जावक क्रमांक, ना शिक्का. एवढ्या मोठ्या व्हिसाला असला कागद कोण विचारणार? छत्तीस वर्षं मी बिनशिक्क्याचा कागद टेबलावरून पुढे सरकू दिला नाही. तुम्हीच सांगा, तुम्ही घेता?"

त्याच दिवशी सकाळी चारित्र्य पडताळणीसाठी आलेल्या एका बाईंना मी परत पाठवलं होतं. सोसायटीच्या पत्रावर शिक्का नव्हता.

तेवढ्यात मुलगी आली. कळव्याच्या एका खासगी रुग्णालयात ती ड्युटीवर होती, तिथून तशीच धावत आलेली, गळ्यात स्टेथोस्कोप. तिनं फोनवर मूळ ईमेल दाखवला, परीक्षांचे निकाल दाखवले, निवडीचं पत्र दाखवलं. शिकण्यासाठी जाणाऱ्या डॉक्टरांना एक्स्चेंज व्हिसा मिळतो, शिकून झाल्यावर दोन वर्षं मायदेशी येऊन राहावं लागतं, हेही समजावलं. मी प्रत्येक ओळ ताडून पाहिली. पत्र शंभर टक्के खरं. खऱ्या शिक्क्यांची खोटी पत्रं मी पोत्यांनी पाहिली होती. हा उलटा माल पहिल्यांदाच.

"मग काळजी कसली?" मी म्हणालो. "हा कागद माझ्याकडे राहू दे, तू नवा छापून घे."

काका हळूच म्हणाले, "पण मी पोच पाठवली."

"कसली पोच, बाबा?"

"पत्र मिळाल्याची. आपल्याकडे पद्धतच आहे ना. सकाळी तुझा ईमेल उघडाच होता. शिक्का मारलेली प्रत स्कॅन केली आणि त्यांना पाठवून दिली. म्हटलं, नोंद राहील."

ती भिंतीला टेकली. रुग्णालयाच्या नावानं बनवलेला शिक्का तिच्याच ईमेलवरून रुग्णालयाकडे गेला होता. त्यांनी बनावट कागद म्हणून जागा काढून घेतली असती, तर व्हिसा संपला होता, सात वर्षांची मेहनत संपली होती. आणि इकडे मी गुन्हा नोंदवला असता, तर उरलेलं काम मी केलं असतं.

"बाबा, मला एकदा विचारायचं तरी ना हो!"

"तू ड्युटीवर होतीस. तुझे अभ्यास मला कळत नाहीत, इंग्रजी कळत नाही. कागद तेवढे कळतात."

मला फार गहिवरून आलं आणि गहिवरलेला पोलीस हमखास घोळ घालतो. मी म्हणालो, "मी पोलीस ठाण्याच्या लेटरहेडवर खुलासा लिहून देतो. सही-शिक्क्यानिशी."

"नको, साहेब, पाया पडते!" ती रडता रडता हसली. "पोलिसांचं पत्र गेलं तर ते मला विमानतळावरच धरतील."

तिनं तिथेच बसून पाच ओळी लिहिल्या. वडिलांनी शिक्का मारला, का मारला, पोलिसांनी तो जप्त केला आहे, चूक आमची आहे. काही लपवलं नाही. पाठवायचं बटण दाबायच्या आधी तिनं वडिलांकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली.

मी स्टेशन डायरीत नोंद घेतली, जबाब घेतले. फसवण्याचा हेतू दिसत नव्हता, लाभ कुणाचा नव्हता, आणि ज्यांची फसवणूक झाली असती त्यांना मुलीनंच कळवलं होतं. तसा अहवाल वरिष्ठांना दिला आणि प्राथमिक चौकशीवर प्रकरण थांबलं. माझी शिकागोपर्यंतची टोळी डोंबिवलीच्या दोन खोल्यांत मावली.

बुधवारी संध्याकाळी उत्तर आलं. रुग्णालयानं ती प्रत रद्द केली होती आणि ताजं पत्र जोडलं होतं. खाली एक ओळ होती: वडिलांना सांगा, आमच्याकडे शिक्का नसतो.

गुरुवारी दुपारी काका एकटेच पोलीस ठाण्यात आले. मला वाटलं, नकार मिळाला.

"व्हिसा मंजूर झाला," ते म्हणाले.

"अहो, मग पेढे कुठायत?"

"ती मैत्रिणींना भेटायला गेलीये. पुढच्या महिन्यात जाणार." ते बाकावर बसले. "दोन वर्षं झाली, तिची फाइल मीच सांभाळत होतो. आज तिनं ती बॅगेत भरली. घरी जाऊन काय करू कळेना, म्हणून इकडे आलो."

आयुष्यभर मी माणसांना विचारत आलो, हे कशासाठी केलंत? बहुतेकांच्या उत्तरात स्वतःसाठी काहीतरी मिळवायचं असायचं. ह्या माणसानं सगळी धडपड केली ती घरातलं एकुलतं एक माणूस दूर पाठवण्यासाठी, आणि ते जमलं तेव्हा त्याला बसायला पोलीस ठाण्याचा बाक शोधावा लागला. त्यानंतर कुणाचाही जबाब घेताना मी आवाज थोडा उशिरा चढवू लागलो.

त्या दिवशी मी दोन चहा सांगितले. संध्याकाळच्या हजेरीपर्यंत काका बसून होते, आणि मी त्यांना उठवलं नाही.