कीपिंग ग्लव्ह्ज

गॅरेजमधलं जुन्या ग्लव्ह्जचं खोकं उघडलं आणि चामड्याच्या तेलाचा वास आला, की अजून माझं डोकं फिरतं. आमच्या ऑस्ट्रेलियन उपनगरात, ट्रुगानिनात, तेव्हा लॉकडाऊन होता. मुलगा अमेरिकेत बेसबॉलच्या खालच्या लीगमध्ये पिचर, म्हणजे बॉल फेकणारा, होता. कोरोना आला तसं त्यांनी सराव बंद करून सगळ्यांना घरी धाडलं. वर सांगितलं, हात तयार ठेवा, बोलावतो. म्हणून हा रोज सकाळी ड्राइव्हवेवर बॉल फेकायचा आणि मी पुण्याहून आणलेले विकेटकीपिंगचे ग्लव्ह्ज घालून समोर उकिडवा बसायचो. "बाबा, बेसबॉलचा जाड ग्लव्ह घ्या ना," तो म्हणायचा. "वीस वर्षं कीपिंग केलंय, मला शिकवू नकोस," मी म्हणायचो. त्या दिवशी मध्येच फोन वाजला. त्याने स्पीकरवर टाकला. टीमचा माणूस म्हणाला, सीझन रद्द झालाय, तुला टीममधून मोकळं करतोय. सहा वर्षं तिकडे घाम गाळलेल्या पोराला दोन वाक्यं! आणि आमचा बाळ म्हणतो, "नो वरीज, मेट." मी ओरडलो, "नो वरीज काय? शिव्या घाल त्याला!" त्याने फोन खिशात टाकला. "बाबा, वन मोअर," एवढंच म्हणाला आणि फेकला. तसा बॉल त्याने आयुष्यात फेकला नसेल. माझी करंगळी मोडली. त्यानंतर त्याने बॉल हातात धरला नाही. करंगळी अजून वाकडी आहे. डॉक्टर म्हणतात, ऑपरेशनने सरळ होईल. नाही करणार. टीमच्या त्या माणसाने न पाहिलेल्या बॉलची तेवढीच खूण उरली आहे.