बोरीची फांदी

निवडणूक पार पडली, नवं सरकार बसलं आणि परदेशी निरीक्षकांनी टेबलं-खुर्च्या बांधायला घेतल्या. दक्षिण आफ्रिकेतला १९९४चा जून होता. झ्वेली म्बाथा आठ महिने त्यांची पांढरी गाडी चालवत होता. नदीपलीकडे विरोधी पक्षाची वस्ती. अलीकडचा माणूस तिथं पाय ठेवायचा नाही, पण गाडीत बसून झ्वेली जाऊन यायचा.

तिथल्या बसथांब्यावर दोन वर्षांपूर्वी त्याचा मुलगा लुंगानी मारला गेला होता. देह मिळाला, पुरला. आत्मा तिथंच राहिला. झुलू रीतीनं तो बोरीच्या फांदीवर घरी आणायचा असतो, आणि आत्मा फांदीवर घेतला की आणणाऱ्यानं उंबरठा येईपर्यंत मेलेल्याखेरीज कुणाशी बोलायचं नसतं.

"लुंगानीच्या बाबा, गाडी आहे तोवर आणा," त्याची बायको, मान्गुबाने तिचं नाव, रोज म्हणायची.

"कामावर असतो मी. फांदी मांडीवर घेऊन चाक फिरवू?"

शेवटच्या दिवशी गाडीनं एक फेरी मारायला निरीक्षकांचे प्रमुख हेनिंग साहेबांनी परवानगी दिली. कशासाठी, ते विचारलं नाही. झ्वेलीनं पहाटे फांदी तोडली, गाडी चाकांच्या आतल्या बाजूपर्यंत धुतली. साहेब आले ते हात पुढे करूनच.

"किल्ली दे, म्बाथा. दुपारी सगळ्या गाड्या शहरात हव्यात. माझ्या हातात नाही."

"काल होतं," म्हणत झ्वेलीनं किल्ली दिली.

तोडलेली फांदी टाकता येत नाही. तो चालत निघाला. उतार, नदी, मग तासाभराचा चढ. गुडघा अर्ध्यावरच कुरकुरू लागला.

थांब्यावर तिघे काठ्या घेऊन बसले होते. त्यांतला म्हातारा म्हणाला, "हा तर गोऱ्यांचा ड्रायव्हर. गाडी विकून खाल्लीस का रे?"

"परत गेली."

"मग कुणाच्या जिवावर आलास?"

झ्वेलीनं फांदी दाखवली. "मुलाला न्यायला आलोय."

म्हाताऱ्यानं टोपी काढली. झ्वेली खांबाशी वाकला तेव्हा तो हळूच म्हणाला, "तिथं नाही. चार पावलं इकडं, गटाराशी. मी होतो त्या दिवशी."

झ्वेली चार पावलं सरकला. फांदी तिथं टेकवली. "लुंगानी, चल, घरी जाऊ."

परतताना पुलावर पांढरी गाडी समोरून येऊन थांबली. साहेब स्वतः चालवत होते. "बस, म्बाथा. सोडतो. उशीर झाला तर होऊ दे."

झ्वेलीनं मागचं दार उघडलं, आधी लुंगानीला बसू दिलं, मग आपण बसला.

"रागावलास ना?" साहेब वाटभर विचारत राहिले. उंबरठा अजून यायचा होता.

उंबरठ्यावर मान्गुबाने बाजूला सरली. फांदी मागच्या भिंतीशी, पूर्वजांच्या जागी ठेवून झ्वेली साहेबांना आपण का बोललो नाही ते सांगायला बाहेर आला. गाडी वळणापार गेली होती.

"चहा ठेव," तो म्हणाला. "आणि मला जरा बसू दे."