पोहले ते रुपरावभाऊ

रुपरावभाऊ आमच्या तंत्रनिकेतनाच्या वर्कशॉपमध्ये हत्यारं वाटायचे. जाळीच्या खिडकीतून आपण पितळेचा बिल्ला द्यायचा, ते कानस नाहीतर हातोडी काढून द्यायचे. संध्याकाळी हत्यार जमा केलं की बिल्ला परत मिळायचा. चौदा वर्षं ते हे काम रोजंदारीवर करत होते. त्यांना कायम करण्याचा कागद दरवर्षी वर जायचा आणि कुठल्यातरी टेबलावर थांबायचा.

माझी त्यांची ओळख १९७३ साली झाली, पहिल्याच महिन्यात. लोखंडाचा तुकडा कानसून त्याच्या चारी बाजू काटकोनात आणायच्या होत्या. आमच्या घरात मॅट्रिकच्या पुढं गेलेला मी पहिलाच, आणि कानस मी त्याआधी फक्त गावच्या लोहाराच्या हातात पाहिलेली. तीन तुकडे मी वाया घालवले. चौथा मागायला गेलो तेव्हा त्यांनी जाळीतून माझ्याकडं निरखून पाहिलं.

"काहून गा, लोखंड खातं का तू?"

मग ते खिडकी सोडून बाहेर आले. माझ्या मागं उभे राहिले आणि दोन्ही हात माझ्या हातांवर ठेवून म्हणाले, "खांद्यातून ढकल. मनगटानं ढकललं का मधात पोट फुगते त्याचं." त्या तुकड्याला मला दहापैकी सात मिळाले.

ते मूळचे खाप्याकडचे. कन्हानच्या काठी लहानपणी लोकांच्या म्हशी चारायचे आणि म्हशींच्या मागं पाण्यात उतरून पोहायला शिकले. छप्पन्न साली पंचवीस वर्षांचे असताना बायकोला, वच्छलाबाईंना घेऊन दीक्षेसाठी नागपूरला चालत आले आणि इथंच राहिले. पाचपावलीत दोन खोल्यांचं घर होतं. रविवारी संध्याकाळी घरात वंदना व्हायची. त्यांची मुलगी गोपिका तेव्हा आठवीत होती; ती पंचशील म्हणायची आणि आईवडील तिच्या मागून म्हणायचे. होस्टेलच्या जेवणाला कंटाळून मी बऱ्याचदा रविवारी तिथंच जेवायचो. खोटं बोलू नये, हे चौथं शील रुपरावभाऊ फार मनावर घेत. एखाद्या मुलानं कानस मोडली तर 'आपोआप मोडली' असं ते नोंदवहीत कधी लिहीत नसत. मुलं चिडायची. ते म्हणायचे, "खोटं ध्यानात ठेवा लागते. एवढं डोकं कोनाले हाये?"

चौऱ्याहत्तरच्या डिसेंबरात आमची सहल विशाखापट्टणमला निघाली, जहाज बांधायचा कारखाना पाहायला. सामान सांभाळायला रुपरावभाऊंना सोबत घेतलं होतं. रायपूरला गाडी बदलून, दीड दिवस लाकडी बाकावर बसून आम्ही विशाखापट्टणमच्या वॉल्टेअर स्टेशनावर उतरलो. समुद्र आम्ही कोणीच पाहिलेला नव्हता. पहिल्या संध्याकाळी सगळे ओरडत वाळूत धावले. रुपरावभाऊंनी ओंजळभर पाणी तोंडात घेतलं आणि थुंकून टाकलं.

"एवढं पानी," ते म्हणाले, "आन् एक घोट कामाचा नाही."

सहलीवर आलेल्या वर्कशॉपच्या सरांनी तिथंच सगळ्यांना उभं करून दम दिला. पाण्यात कोणी उतरायचं नाही, घोट्याच्या वर पाणी आलं तर परीक्षेला बसू देणार नाही. मग रुपरावभाऊंकडं वळून म्हणाले, "रुपराव, तुमचा कागद या वेळी प्राचार्यांच्या टेबलावर आहे. लक्षात ठेवा."

रविवारी कारखाना बंद होता, म्हणून आम्हाला सुटी मिळाली. मुलं सिनेमाला जायचं ठरवून उशिरापर्यंत झोपली. मी आणि रुपरावभाऊ पहाटेच कोळ्यांच्या किनाऱ्यावर गेलो. एक म्हातारा आणि त्याचा भाऊ होडी पाण्यात लोटत होते. त्यांना आमचं कळत नव्हतं, आम्हाला त्यांचं. रुपरावभाऊंनी बिडीचा कट्टा पुढं केला. म्हाताऱ्यानं एक बिडी काढून कानामागं खोचली आणि होडीकडं बोट दाखवलं.

मला पोहता येत नव्हतं. मी होडीच्या मधल्या फळीला दोन्ही हातांनी धरून बसलो होतो. किनाऱ्यावरची माणसं मुंगीएवढी दिसायला लागली तेव्हा बाजूला फुस्सकन आवाज झाला. करडी पाठ वर आली आणि गेली. मग दुसरी, तिसरी. पाच मोठे होते आणि एक पिल्लू. सामान्यज्ञानाच्या पुस्तकात चित्र पाहिलेलं, म्हणून मला नाव माहीत होतं. मी म्हणालो, "भाऊ, डॉल्फिन."

ते ऐकत नव्हते. "श्वास घेऊन राहिले गा हे," ते म्हणाले. "मासा नाही हा. म्हशीवानी श्वास घेते, पाह्य."

त्यांनी टोपी काढली, सदरा काढला, दोन्ही माझ्या मांडीवर ठेवले आणि होडीच्या कडेवरून आवाज न करता पाण्यात उतरले. म्हातारा हसून काहीतरी बोलला. त्यानं वल्हं आत घेतलं.

मी पाहिलं ते असं. रुपरावभाऊ सरळ त्यांच्याकडं गेले नाहीत. म्हशीच्या मागून जाऊ नये, तिला दिसेल असं बाजूनं जावं, तसे ते लांबून वळसा घेऊन गेले आणि त्यांच्या दिशेनंच, त्यांच्या बरोबरीनं पोहू लागले. जीभ टाळूला लावून म्हशीला बोलावतात तसा टक्‌टक्‌ आवाज करत होते. दोन मोठे डॉल्फिन वळून आले. एक त्यांच्या उजव्या हाताला, हातभर अंतरावर, त्यांच्याच वेगानं चालू लागला. पिल्लू डावीकडून वर आलं, श्वास सोडला, त्यांच्या तोंडावर पाणी उडवून परत आईखाली गेलं. रुपरावभाऊंनी हात लावला नाही. दहा मिनिटं असेल. मग ते सगळे खोल पाण्याकडं निघून गेले आणि रुपरावभाऊ एकटेच राहिले.

होडीत चढल्यावर त्यांनी सदऱ्यानं अंग पुसलं. मग म्हणाले, "पान्यात तेही बोलते गा. कान खाली केला का आयकू येते." आणि किनारा जवळ आल्यावर, "कोनाले सांगजो नको. सायबाले कळलं तं कागद फाटला."

मी शब्द दिला.

तो मी पाळला, असंच मी पुढं स्वतःला समजावत राहिलो. सहलीचा अहवाल प्रत्येकाला लिहायचा होता. सगळ्यांनी जहाजाची लांबी आणि क्रेनची ताकद लिहिली. मीही लिहिली, पण रविवारच्या पानावर आल्यावर हात थांबेना. होडी लिहिली, फुस्सकन आवाज लिहिला. उतरलं कोण, एवढंच लिहायचं राहिलं. त्यांचं नाव लिहिता येत नव्हतं. 'एक माणूस' असं लिहिता आलं असतं. मी लिहिलं, 'मी'.

वळसा, टक्‌टक्‌, पिल्लू, पाण्यात कान खाली केला की ऐकू येतं ते, सगळं लिहिलं. आमच्या घरीही म्हशी होत्या, त्यामुळं कोणाला शंका आली नाही. सर चिडतील असं वाटलं होतं; पण त्यांनी अहवाल प्राचार्यांना दाखवला, प्राचार्यांना तो आवडला, आणि स्नेहसंमेलनात तो मला वाचायला लावला. म्हशीच्या वाक्याला सभागृह हसलं आणि शेवटी टाळ्या पडल्या. मागच्या दाराशी रुपरावभाऊ पाण्याचं पिंप भरत उभे होते. मार्चमध्ये वार्षिक अंकात लेख छापून आला, माझ्या फोटोसकट.

दुसऱ्या दिवशी खिडकीशी गेलो. त्यांनी बिल्ला घेतला, कानस दिली.

"मजा आली का लिवतांनी?" त्यांनी विचारलं.

मी कानस उचलली.

"पोट्टे म्हनून राहिले, केशवले अंबाझरीच्या तलावावर नेऊ, पोहून दाखव म्हनू. आता छापून आलं न? मंग शिकून घे. नाही तं ढकलून देतीन आन् मरशीन."

एप्रिलमधले चार रविवार त्यांनी मला एसटीनं खाप्याला नेलं आणि कन्हानच्या डोहात पोहायला शिकवलं. पोटाखाली हात धरून ठेवायचे आणि न सांगता काढून घ्यायचे. त्या चार रविवारांत लेखाचा विषय त्यांनी एकदाही काढला नाही. मीही नाही. रागावले असते तर बरं झालं असतं, असं मला आता वाटतं. तेव्हा हायसं वाटलं होतं.

जुलैत शाळा सुरू झाल्या. गोपिकाला पुस्तकांना कव्हर घालायला जाड कागद हवा होता. घरातल्या ट्रंकेच्या तळाशी तिला वडिलांनी ठेवलेला वार्षिक अंक सापडला.

ती होस्टेलवर आली तेव्हा आम्ही चौघं व्हरांड्यात कॅरम खेळत होतो. तिच्या हातात अंक होता. विशाखापट्टणमची गोष्ट तिनं वडिलांच्या तोंडून डिसेंबरातच ऐकली होती. घराबाहेर सांगायची नाही म्हणून कोणाला सांगितली नव्हती.

"केशवदादा, हे तुम्ही लिहिलं?"

"हो."

"मग पोहलं कोण? तुम्ही की बाबा?"

माझा मित्र देवराव हसला. "तुहे बाबा तं कानस वाटतात वं. ते कायले पोहतीन?"

बाकीचे दोघं माझ्याकडं पाहत होते. देवरावच्या बोटाखाली स्ट्रायकर तसाच होता. मला एक शब्द बोलायचा होता. सरांचा धाक होता, कागद अजून मंजूर झालेला नव्हता, ही कारणं मी नंतर शोधली. त्या क्षणी मला फक्त देवरावचं हसणं ऐकू येत होतं.

"मीच पोहलो," मी म्हणालो. "तुझे बाबा किनाऱ्यावर सामानापाशी होते."

दुसरं वाक्य तर कोणी विचारलंही नव्हतं.

तिनं अंक मिटला आणि गेली. सोमवारी खिडकीशी रुपरावभाऊ म्हणाले, "पोरगी आली होती न तुह्याकडं? मी तिले सांगतलं, मी गंमत केली होती म्हनून. मी नाही पोहलो."

"काहून, भाऊ?"

"तं काय सांगू? एक तं तू खोटा, नाही तं मी. ती भांडखोर हाये. तुले खोटं ठरवाले प्राचार्यापर्यंत गेली असती. मंग तुहं बी गेलं, माहं बी." त्यांनी माझा बिल्ला खिळ्याला अडकवला. "रडली लय. मले म्हने, बाबा, तुम्ही चवथं शील कोन्या तोंडानं म्हनता?"

ऑगस्टमध्ये त्यांच्या कायम होण्याचा हुकूम आला. वर्कशॉपमध्ये पेढे वाटले, मलाही दिला. रविवारी त्यांच्याकडं जाणं मी बंद केलं.

पुढं मी पास झालो, कोराडीच्या वीज केंद्रात लागलो. लग्न ठरलं तेव्हा मुलीकडच्यांनी कौतुकानं विचारलं, "तुम्ही म्हणे समुद्रात पोहला होता?" माझ्याच वडिलांनी तो अंक जपून ठेवला होता आणि त्यांना दाखवला होता. मी तेव्हाही 'हो' म्हणालो. त्या दिवसानंतर मात्र ते मनातून जाईना. गेल्या वर्षी, ब्याऐंशीच्या दिवाळीनंतर, एका रविवारी मी पाचपावलीला गेलो.

रुपरावभाऊ दारात खाटेवर बसून तुरीच्या शेंगा सोलत होते. चष्मा लागला होता. गोपिका आता शाळेत शिक्षिका होती. तिनं मला ओळखलं, चहा ठेवला. मी चहाला थांबलो नाही, उभ्यानंच सांगून टाकलं. पोहले ते तुझे बाबा. मी होडीत फळी धरून बसलो होतो.

तिनं स्टोव्ह बारीक केला आणि दाराशी आली.

"ते बाजूनं गेले, म्हशीला बोलावतात तसा आवाज करत," मी म्हणालो.

"ते लेखात आहे, दादा."

"पिल्लू डावीकडून आलं. तोंडावर पाणी उडवलं."

"तेही आहे."

मला आणखी काही आठवेना. जे होतं ते सगळं मी छापून बसलो होतो. "मला तेव्हा पोहताच येत नव्हतं."

"आता येतं ना?"

"येतं. यांनीच शिकवलं, नंतर."

तिनं वडिलांकडं पाहिलं. रुपरावभाऊ शेंगा सोलत राहिले. "केशव चांगला पोट्टा हाये," ते म्हणाले.

"मला माहीत आहे. म्हणूनच ते एवढं सांगायला आले," ती म्हणाली. मग माझ्याकडं वळली. तिच्या आवाजात राग नव्हता. "दादा, बाबांच्या मनाला बरं वाटावं म्हणून तुम्ही हे करताय. पण बाबांनी तेव्हा स्वतः मान्य केलं. मी लहान होते, आठ दिवस बोलले नाही त्यांच्याशी. नंतर कळलं की लेकीपुढं 'मी खोटं बोललो' म्हणायला किती मोठं मन लागतं. मी वर्गात मुलांना दरवर्षी ही गोष्ट सांगते. तुम्ही ती आता मोडू नका."

मी रुपरावभाऊंकडं पाहिलं. ते काही बोलतील म्हणून थांबलो. त्यांनी सोललेले दाणे ताटलीत सारखे केले.

बसथांब्यापर्यंत ते मला सोडायला आले. मी म्हणालो, "तुम्ही तरी सांगायचं होतं."

"सांगून पाह्यलं असतं," ते म्हणाले. "पन तिच्या वर्गात चाळीस पोट्टे बसते. त्याइले ती काय सांगन मंग?" थोडं चालून थांबले. "आन् खरं सांगू का, सात वर्स झाले, 'नाही पोहलो, नाही पोहलो' म्हनता म्हनता मले बी आता पक्कं आठवत नाही. पानी थंडं होतं का गरम, तेही नाही. तू होता न होडीत. सांग बरं, कसं होतं ते?"

मी सांगायला लागलो. चार वाक्यं झाली आणि माझ्या लक्षात आलं की मी लेख म्हणून दाखवतोय, शब्दाला शब्द. होडीतून मी जे पाहिलं होतं ते शोधू लागलो, आणि दर वेळी छापलेलं वाक्यच पुढं आलं. रुपरावभाऊ मान हलवत ऐकत होते.

"हाव," ते म्हणाले, "बराबर. असंच वाचलं होतं मी."