मामांच्या नावावरचा नळ

आमच्या अख्ख्या जालना जिल्ह्यात नगरपालिकेवर मनापासून प्रेम करणारं एकच माणूस आहे, आणि ते म्हणजे माझी आत्या. बाकीचे लोक नगरपालिकेला शिव्या देतात, निवडून आलेले तिच्यावर उपकार करतात, कर्मचारी तिची नोकरी करतात. प्रेम एकटी आत्या करते. टेंभुर्णीची ही पोरगी लग्न होऊन तालुक्याच्या गावी आली आणि नवऱ्याच्या खालोखाल तिनं जीव लावला तो पालिकेला. गावाचं नाव मुद्दामच सांगत नाही. तिथल्या लोकांना वाटायचं, आपल्या पालिकेची चेष्टा चालली आहे, आणि आत्याला ते बिलकुल खपणार नाही.

पालिकेत कागद आणि माणसं दोन्ही भरपूर होती त्या काळात आत्याची तिथं सारखी फेरी असे. ठेवणीतली साडी, डोक्यावरून पदर, पिशवीत लोणच्याची बरणी. सरकारी कचेरीत जाते आहे की सोयऱ्याकडं, ते ओळखू येत नसे. तक्रार असली तर बरंच, नसली तरी तिचं अडायचं नाही. एकदा ती पाणीपुरवठ्याच्या साहेबांपुढं जाऊन बसली. साहेबांनी विचारलं, काय तक्रार आहे? तर ही म्हणाली, "काहीच न्हाई. सगळं बराबर चालू हाय, तेवढंच सांगाया आल्ते." साहेब घाबरले. नोकरीला लागल्यापासून असलं वाक्य त्यांच्या कानावर पडलं नव्हतं. यामागं नक्की कुणाचं तरी राजकारण आहे असं धरून त्यांनी दुसऱ्याच दिवशी माणसं पाठवली आणि आत्याच्या गल्लीतली गटार, कुणी न मागता, साफ करून टाकली. आत्या आजतागायत सांगते की प्रेमानं बोललं की कामं होतात.

मग पालिका सुधारायला लागली. टेबलं जाऊन काचेच्या खिडक्या आल्या, टोकन देणारं यंत्र आलं, मोबाईलवर तक्रारी घेणारं ॲप आलं. आत्याच्या वयाची माणसं या सगळ्याला बिचकून मुलांना पुढं करायला लागली. आत्या मात्र घरात शिकलेली सून यावी तशी हरखली. टोकनाच्या यंत्रातून बाईचा आवाज नंबर पुकारायचा, त्याला ही बाकावरूनच "आले माय" म्हणून ओ द्यायची. रस्त्यावरचे नवे दिवे आपोआप लागायचे, त्यांना हात जोडायची. घंटागाडीवाल्यानं प्रत्येक दारावर चौकोनी ठिपक्यांची एक पाटी ठोकली. कचरा उचलला की मोबाईल त्या पाटीपुढं धरायचा आणि पालिकेत नोंद व्हायची, अशी सोय. आता दारावर सरकारनं काहीतरी लावलंय म्हटल्यावर आत्या गप्प बसते होय? रोज सकाळी उंबरा पुजताना तिनं त्या पाटीलाही हळदीकुंकू लावायला सुरुवात केली. ठिपके बुजले. कचरा रोज जायचा आणि नोंद मात्र होईना. घंटागाडीवाला विनवून थकला की कुंकू जरा बाजूला लावा. शेवटी पालिकेकडून दिलगिरीचा मेसेज आला, की आपला कचरा न उचलल्याबद्दल क्षमस्व. आत्यानं तो मेसेज गल्लीत घरोघर दाखवला. सरकारनं कुणाची माफी मागितलेली त्या गल्लीनं प्रथमच पाहिली.

हा मेसेज आला होता मामांच्या नावानं. आत्याच्या मालकांना आमच्याकडं मामा म्हणतात. त्यांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान होतं. पंचक्रोशीतल्या विहिरींवरच्या जळक्या मोटारी त्यांच्याकडं यायच्या आणि तांब्याच्या तारांत मान घालून हा माणूस दिवसभर न बोलता बसायचा. कौतुक करायचं म्हणजे त्यांच्या जिवावर यायचं. पुरणपोळी असो, स्वतःच्या मुलाचा निकाल असो, "बरंय" याच्या पुढं त्यांची गाडी कधी गेली नाही. घर त्यांच्या नावावर, नळ त्यांच्या नावावर, पालिकेकडं नोंदवलेला मोबाईलही त्यांचाच. ते गेले त्याला काही वर्षं झाली. मुलगा पुण्याला, आत्या एकटी. पण देवापुढं दिवा लावावा तितक्या नेमानं ती मामांचा फोन चार्जिंगला लावायची.

कारण पालिकेला कुणी सांगितलंच नव्हतं. नळाची पाळी असली की आदल्या संध्याकाळी मेसेज येऊन फोन वाजायचा. आधी 'श्री.', मग मामांचं नाव, त्यांच्या वडिलांचं नाव, आडनाव, आणि मग आपल्या भागात उद्या अमुक वाजता पाणी येईल, काटकसरीनं वापरा. वाटूरच्या शाळेत मास्तरकी करणारा मी शनिवारी शाळा सुटली की बस धरून आत्याकडं जायचो. टेकतो न टेकतो तोच ती फोन पुढं करायची, "जरा वाचून दाखव रे, चष्मा सापडंना." चष्मा नाकावर असायचा आणि त्यातून ती तांदळातला बारीकातला बारीक खडा हुडकत असायची. मी वेळ तेवढी सांगितली की चिडायची. "अर्ध्यातून नको. पयल्यापासून वाच." मी वाचायचो. शेजारीण आली की तिच्याकडून पुन्हा. दूधवाल्याकडून पुन्हा. इतकं ऐकूनही रात्री ही मलाच विचारणार की उद्या नळ किती वाजता येतोय. मी एकदा वैतागून म्हणालो, आत्या, तुझं लक्ष असतं कुठं? लक्ष कुठं असायचं ते माझ्यासारख्या मास्तराला कळायला फार वेळ लागला. नाव वाचून झालं की ती पुन्हा सुपाकडं वळायची. पाण्याची वेळ तिनं कधी ऐकलीच नव्हती.

आत्यानं जन्मात मामांना नावानं हाक मारली नाही. आमच्याकडं जुन्या बायका मारतच नाहीत. 'अहो', 'ऐकलं का', फार तर 'पोराचे बाबा'. नाव घ्यायचं ते लग्नाकार्यात, उखाण्यात, तेही बायकांनी अडवल्यावर, लाजत, दोन ओळींच्या आडून. आता तर ती सवाष्ण नाही म्हणून हळदीकुंकवाला उखाण्यासाठी कुणी तिला अडवत नाही. बायका तिला मानानं खुर्ची देतात आणि पुढच्या बाईकडं वळतात. मामांचं नाव घेणारी, आणि तेही 'श्री.' लावून, एक पालिकाच काय ती उरली होती.

आणि पालिका काही थोडंथोडकं विचारायची नाही. शहराची स्वच्छता कशी वाटते, बागेत बाकडी हवीत का, सगळ्यावर मामांचं मत मागायची. आत्या ते इमानदारीनं कळवायची. एकदा मी पाहिलं, की नव्या दिव्यांना पाचापैकी तारे द्यायचे होते आणि ज्या दिव्यांना ही रोज हात जोडते त्यांना हिनं दोनच दिले. मी कारण विचारलं तर म्हणाली, "मला नव्हं, त्यांना इचारून राह्यले. ते काय दोनाच्या वर देणारे हायत का?"

असं सगळं छान चाललं होतं आणि पालिकेनं आणखी सुधारायचं ठरवलं. सगळे नळ तपासायचे, ज्याच्या नावावर नळ तो माणूस हयात आहे का पाहायचं, नसेल तर वारसाचं नाव लावायचं. टॅब घेतलेल्या एक बाई घरी आल्या. त्यांनी विचारलं, मालक आहेत का? आत्या म्हणाली, घरी न्हाईत. कधी येतील? तर म्हणे, सांगून गेले न्हाईत. बाईंनी 'बाहेरगावी' असं टिपलं आणि आत्यानं दिलेला चहा पिऊन गेल्या. दुसऱ्या वेळीही तेच. मग मेसेज आला की तपासणी न झालेली जोडणी बंद होईल. पुण्याहून मुलगा म्हणाला, मी इथून ऑनलाइन टाकतो, दोन मिनिटांचं काम आहे. आत्यानं त्याला शपथ घातली. मग माझी रवानगी झाली तिला समजवायला. मी नियम सांगितले, पाणी तुटलं तर काय हाल होतील ते सांगितलं, आवाजसुद्धा चढवला. ती खाली बघत ऐकत होती. मग म्हणाली, "पाण्याचं मला कळतंय रे. पण नाव काढलं तर मंग त्यांना या घरात कोण पुकारील?"

तरी नळ पाहिजेच होता. शेवटी माझ्या शाळेच्या सुट्टीत एका सकाळी ती स्वतःच ठेवणीतली साडी नेसून तयार झाली. लोणचं घेतलं नाही, त्यावरून मी काय ते ओळखलं. कचेरीत नंबर पुकारला तेव्हा तिनं ओसुद्धा दिली नाही. खिडकीमागच्या बाई वागायला गोड होत्या. त्यांनी समजावलं की आता खाडाखोड, अंगठा असलं काही नाही. अर्जदारानं कॅमेऱ्यासमोर स्वतःच्या तोंडानं सांगायचं, मी कोण, माझे पती कोण, त्यांच्या नावावरचा नळ माझ्या नावावर करा. मी मामांचं नाव सांगायला पुढं झालो तर बाई म्हणाल्या, तुमचं चालत नाही, आजींनीच बोलायला पाहिजे.

आत्या कॅमेऱ्यापुढं बसली. स्वतःचं नाव सांगितलं आणि पुढं "आमच्या ह्यांच्या" म्हणून थांबली. बाई म्हणाल्या, नाव सांगा. पुन्हा "ह्यांच्या" आणि पुन्हा तिथंच गाडी अडली. मागं रांग वाढायला लागली. आत्यानं पदर सारखा केला, घसा खाकरला, आणि भरल्या कचेरीत, त्या कॅमेऱ्याकडं बघून चक्क उखाणा घेतला. तुळशीचं वृंदावन, चंदनाचा पाट, सगळं साग्रसंगीत, आणि शेवटी मान खाली घालून मामांचं नाव. रांगेतल्या बायका हसल्या, पण मायेनं हसल्या. कुणीतरी टाळ्याही वाजवल्या. खिडकीमागच्या बाईंचेही डोळे ओले झाले, पण त्या तरी काय करणार? म्हणाल्या, "आजी, फार छान घेतलंत. पण यात उखाणा चालत नाही हो. नुसतं नाव सांगा."

आत्यानं माझा हात धरला. मग मान वर केली आणि मामांचं नाव घेतलं. पुढं काही नाही, मागं काही नाही, लाजणं नाही. मामांचं, त्यांच्या वडिलांचं, आडनाव. शाळेत हजेरी घ्यावी इतकं सरळ. काम झालं. खरोखर दोनच मिनिटं लागली.

बाहेर आल्यावर ती पालिकेच्या पायरीवर बसली. मी रिक्षा बघत होतो. लोक तिला वळसा घालून आत-बाहेर करत होते. मला वाटलं रडते आहे, पण डोळे कोरडे होते. म्हणाली, "इतकं सोपं होतं रे. ते होते तव्हा एकदा तरी नावानं हाक मारून पाह्याला पाहिजे होती. काय म्हणले असते?" मी म्हणालो, 'बरंय' म्हणाले असते. तिला हसू आलं, आणि मग मात्र ती रडली.

आता मेसेज 'श्रीमती' लावून तिच्याच नावानं येतो. तो ती स्वतः वाचते आणि पाण्याची वेळ तिला बरोबर माहीत असते. शनिवारी मी जातो, चहा पितो, फोन वाजला की सवयीनं हात पुढं करतो. ती काही मला वाचायला देत नाही. मलाच चुकल्यासारखं होतं. मागच्या सुट्टीत मुक्कामाला होतो. पहाटे नळ सुटला, आत्या मागच्या दारी गेली आणि घागर नळाखाली लावून, शेजाऱ्यापाजाऱ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं, मामांना त्यांच्या नावानं हाक मारून तिनं सांगितलं की पाणी आलंय.