अण्णांनी शिवलेलं भीमाचं अंथरूण

ज्या माणसाच्या अंगावर मी एकदा त्याच्याच दुकानात धावून गेलो होतो, तो आज सकाळी गेला.

चामराजपेटचे आमचे टेलर अण्णा.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी एकवीस वर्षांचा. एका सरांशी कडाक्याचं भांडून इंजिनिअरिंग अर्ध्यात सोडलेलं. बाबा माझ्याशी बोलत नव्हते.
आणि अण्णांच्या मुलीवर, सुधावर, माझं प्रेम होतं. हे सुधा सोडून सगळ्यांना माहीत होतं.

ती एकदा सहज म्हणाली, "मला कुत्री फार आवडतात."
आठवड्याच्या आत मी मुधोळी कुत्रा घेऊन आलो. सहा-सात महिन्यांचा. काटकुळा, नुसते पायच पाय.
नाव ठेवलं भीम.

त्याचं सामान मी जातीनं निवडलं. खिळ्यांचा पट्टा, जाड लोखंडी साखळी, फोमची गादी. एकदम टॉप.

पहिल्याच दिवशी त्याला मिरवत अण्णांच्या दुकानावरून नेला.
दुसऱ्या मिनिटाला साखळी माझ्या हातात, पट्टा साखळीला, आणि कुत्रा अण्णांच्या कटिंग टेबलाखाली.

अण्णांनी मशीन थांबवलं. गळ्यातली टेप काढली आणि गिऱ्हाइकाचं घ्यावं तसं भीमाचं माप घेतलं.
"मान साडेबारा. डोकं बारा. अय्यो रघू, ह्याच्या डोक्यापेक्षा मान मोठी. पट्टा निसटणारच की!"
मग त्याच्या बरगड्यांवरून हात फिरवला. "ह्याला भीम म्हणतोस?"

जुन्या होल्डॉलच्या पट्ट्यापासून त्यांनी चार बोटं रुंद पट्टा शिवला. आतून मऊ फ्लॅनेल. घातल्यावर खाली दोन बोटं सरकवून बघितली.
"दोन बोटं. स्वल्प सुद्धा जास्त नाही, कमी नाही."

फोमची गादी भीमानं तीन दिवसांत फाडली. लाल फरशीवर झोपून त्याच्या कोपरांना घट्टे पडले.
मी परत दुकानात. (सुधा तिथे काज-बटणं करायची. मला कारण हवंच होतं.)

अण्णा म्हणाले, "हाडं आणि फरशी ह्यांच्यात चार बोटं मऊ पाहिजे रे. फॅशन कशाला?"
गोणपाटाची पिशवी. आत दुकानातल्या चिंध्या ठासून. वर जुन्या चादरीचा अभ्रा, नाड्यांचा, म्हणजे काढून धुता येतो.
"फक्त कॉटन. रेशीम घालायचं नाही. सरकून एका कोपऱ्यात जातं."

सुधानं घरातली जुनी दगडी कुंडी आणून दिली.
"तो पाणी पीत नाही म्हणतोस ना? तुझं जर्मनचं भांडं घरभर पळतंय. पिणार कुठून तो?"
एवढं ती माझ्याशी पहिल्यांदाच बोलली. त्या आनंदात मी चार दिवस जेवलो नाही, असं आई अजून सांगते.

चिंध्या दबल्या की बदलायच्या. महिन्यातून एकदा.
मी दर आठवड्याला जायचो.
"इतक्या लौकर दबतात?" अण्णा चष्म्यावरून बघायचे. "कुत्रा झोपतो का तू?"
सुधा हसायची. भीमाचं कसं चाललंय विचारायची. मी माझं सांगायचो.

वर्षभर हे चाललं.

मग एकदा घरी अभ्रा काढून पिशवीचं तोंड उघडलं, तर चिंध्यांच्या अगदी वर लाल रेशीम. जरीच्या काठाचे तुकडे.
रेशीम घालायचं नाही म्हणणारे अण्णा.
त्यांच्या घरात असलं रेशीम एकाच कारणासाठी कापलं जाणार होतं.

डोकं फिरलं. पिशवी खांद्यावर टाकून बसवनगुडीच्या आमच्या घरून तडक चालत निघालो. भीम मागून.
दुकानात शिरलो आणि पिशवी आपटली. शिवण उसवली. गिऱ्हाइकाच्या अंगावर चिंध्या.
"हे काय आहे?"

अण्णांनी मशीन थांबवलं. "सुधाचं लग्न ठरलं. हुबळीला."
"आणि ते मला कुत्र्याच्या अंथरुणातून सांगता?"
"तोंडानं सांगायचं चारदा ठरवलं रे. तू यायचास, भीमाचं कौतुक सांगत बसायचास. माझ्यानं होईना."

मी त्यांच्या अंगावर गेलो. खरंच गेलो. हात उगारलेला.
अण्णा हलले नाहीत. मला म्हणाले, "एकच सांग. तिला कधी विचारलंस?"
"नाही."
"सरी, ठीक. मग भांडण कुणाशी?"

मागे भीम विखुरलेल्या चिंध्यांच्या ढिगावर गेला. तीनदा गोल फिरला. वेटोळं करून झोपला.

"तुझा राग माझ्यावर," अण्णा म्हणाले, "त्याचं अंथरूण का फोडलंस?"

मी खाली बसलो. अण्णाही बसले. दोघांनी मिळून चिंध्या गोळा केल्या. रेशमाचा एकेक तुकडा अण्णांनी वेचून बाजूला ठेवला. मी रडत होतो. ते बघत नव्हते.
पिशवी परत शिवून दिली. या वेळी दुहेरी टीप.

सुधाच्या लग्नात मी पंगतीत वाढलं. मठ्ठा सांडला, पण वाढलं.
आणि भीम होता तोवर, बारा वर्षं, महिन्यातून एकदाच दुकानात जात राहिलो. आता कारण अण्णाच होते.

आज सकाळी माहेरी आलेल्या सुधाचा फोन आला. "रघू, अण्णा गेले. ये."

गेलो तर अण्णांना जमिनीवर ठेवलेलं. खाली नुसती चटई. रीत आहे, मला माहीत आहे.
तरी मी गुरुजींशी भांडलो. "खाली काहीतरी घाला. फरशी गार आहे. हाडं बघा त्यांची!"
लोक बघत राहिले. या वयात पण ह्याचं हेच, असं कुणीतरी म्हणालं.

सुधा उठून आत गेली. एक जुनी चादर आणली, चार घड्या घातल्या, आणि गुरुजींकडे न बघता म्हणाली, "रघू, तिकडून उचल."

अण्णा, चार बोटं काही झाली नाहीत. दोनच झाली.

तेवढ्यावर नीट झोपा.

तुमचा, भीमाचा रघू.